पाण्यावर उभा ऱ्हाणारा बाबालाल

थांबा जरा. हातातलं काम ऱ्हाऊ दे. हे आत्ताच्या आत्ता सांगायला पायजे, न्हाईतर दुसराच कुणीतरी सांगंल, आन मग माझ्या पोटात जे दुखंल त्याला मिरजेतल्या येवढ्या दवाखान्यांत बी औषीद न्हाई. सायेब जेवायला गेल्यात. साताऱ्यातलं आमचं हापिस दुपारी तासभर रिकामं असतंय, मशीन मोकळं हाय, बोटं पळत्यात. चुका झाल्या तर खोडत बसणार न्हाई.

तर बाबालाल.

मी मिरजेत टायपिंग शिकायला व्हतो. क्लास माडीवर, आन खाली बाबालालच्या अब्बांचं सतारीचं दुकान. दुकान म्हंजे पुढं दोन सतारी टांगलेल्या, आन मागं समदा भुसा, पटाश्या, सुकलेले भोपळे आन सरसाचा वास. वर आमी पोरं खडाखडा मशीन बडवायचो, खाली बाबालाल भोपळे बडवायचा. बडवायचा म्हंजे बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावायचा. हा सतारीला, हा तंबोऱ्याला, आन ह्यो बद्द वाजतोय, हा पोरांना नदीत पवायला. टकटक करायची खोडच व्हती त्याला. दाराला करायचा, चहाच्या बरणीला करायचा, यष्टीत बसला की पुढच्या सीटला करायचा. माझ्या टाळक्याला बी केली एकदा. म्हणला, "भरीव हाय रं!" समदी हसली.

पयली वळख कशी झाली सांगू? क्लास चालू व्हता. खालनं आरोळी आली, "ए माडीवाले! खिडकीजवळ कोण बसलंय रं? तुझं डाव्या हाताचं एक बोट मागं ऱ्हातंय!"

खिडकीजवळ मी. डावी करंगळी. आमच्या मास्तरांना दोन म्हयन्यांत कळलं न्हाई ते ह्यानं खाली बसून, भोपळा मांडीवर घिऊन, नुसतं ऐकून सांगितलं. मास्तर म्हणले, "बघ, त्या भोपळेवाल्याला कान हाय." माझी करंगळी सुधारली. पण पोटदुखी तिथनंच सुरू झाली.

दिसायला म्हणाल तर काय न्हाई. काटकुळा, गुडघं बाहेर आलेलं, लुंगी, कानावर पेन्सिल. पण नाक! अख्ख्या मिरजेत सोललेलं नाक एकट्या बाबालालचं. उन्हानं आन खाऱ्या पाण्यानं सोललेलं. शेंड्यावर कायम गुलाबी ठिपका. लोक इचारायचे, "काय झालं रं नाकाला?" आन तो म्हणायचा, "समुद्र लागलाय." तुमाला आमाला ऊन लागतंय, नजर लागती. ह्याला समुद्र लागायचा.

आता माझं थोडं सांगतो, थोडंच. मी कृष्णाकाठचा. आमचं रान नदीला लागून, ऊस, आन घरातली समदी पवणारी. मी भर पुरात ह्या काठावरनं उडी टाकून त्या काठाला निघायचो. बाबालाल मला 'मगर' म्हणायचा, मायेनंच म्हणायचा. आन हा गडी पवायचा कसा? कुत्र्यावानी! मान वर, पाय खाली, फडफड फडफड. एकदा घाटावर पैज लावून मी त्याला हरवला. मी जाऊन परत आलो तरी हा मधीच. काठावर पंचवीस माणूस उभं व्हतं. मी बाहेर आलो तर माझ्याकडं कुणी बघंना. समदी त्याच्याभोवती. "बाबालाल, समुद्रात पाणी असंच वडतंय का रं?" "बाबालाल, ती लाट येती तवा कानात काय वाजतं?"

अरे, जिंकलो मी व्हतो की!

तर हा समुद्राचा नाद त्याला लागला कसा? गोव्याला जाणारी गोरी लोकं तवा मिरजेत गाडी बदलायची. पुण्याकडनं मोठी गाडी, आन मिरजेतनं फुडं गोव्याला बारकी. त्यातला एक जण सतार घ्यायला दुकानात शिरला. ताडमाड उंच, केस खांद्यावर, म्हणून गल्लीनं त्याचं नाव ठेवलं लांबड्या. सतार तयार नव्हती. अब्बा म्हणले, म्हयना लागंल. लांबड्या रोज येऊन भुशात बसायचा, बाबालालचं काम बघायचा. एक दिवस त्यानं बाबालालची पेन्सिल घिऊन लाकडाच्या तुकड्यावर चित्र काढलं. खाली पाणी, वर फळी, फळीवर माणूस उभा. बाबालालला वाटलं ह्यानं काय तरी वढलंय. हसला नुसता. म्हयन्यानं सतार पोचवायला गोव्याला गेला, आन तिथं लांबड्या खरंच पाण्यावर उभा.

"मी म्हणलं संपलं," बाबालाल सांगायचा. "मानूस मेला, आता वर चाललाय. तर त्यो सरळ माझ्याकडंच यायला लागला. लाट मागनं, आन ह्यो फुडं. पायाला पाणी बी लागलं न्हाई."

लांबड्यानं फळी हातात दिली. दुसरा कुणी असता तर पाण्यात पळाला असता. बाबालालनं फळीवर टकटक केली. कान लावला. वितीनं मोजली. "आतनं लाकूड न्हाई गड्या. कसला तरी फेस गोठवलाय. पण मी बनवतो." आन मिरजेला येऊन तीन म्हयने खपून त्यानं फळी केली. सतारकाराला जशी येती तशी केली. पोकळ! आत बारीक फासळ्या, वर पातळ तुनाचं लाकूड, सगळं सरसानं चिकटवलेलं, लाखेचं पॉलिश. अशी देखणी की तारा लावल्या असत्या तर वाजली असती.

तुमाला कळलं का पुढं काय झालं? सरस! सतारीचा सरस, जनावराच्या कातड्याचा. कोरड्यात शंभर वर्सं धरतोय. पाण्यात? पयल्या दिवशी झकास चालली. दुसऱ्या दिवशी दुपारी फळीच्या कडेनं बुळबुळीत काय तरी यायला लागलं. तिसऱ्या दिवशी बाबालाल लाटेवर आडवा, आन फळीची एक बाजू त्याचा निरोप घिऊन निघाली. दुसरी बी निघाली. हा मधल्या एका फासळीला धरून काठावर आला.

मिरजेत उतरला तर खांद्यावर जळणाची मोळी. अब्बांनी कपाळ बडवलं. "पानी में सरस? अरे गधे, सात पीढी का नाम डुबाया!" गल्ली हसली. मी सगळ्यात जास्त हसलो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला दोन भाकरी जास्त गेल्या.

आन मग मीच माती खाल्ली. शहाणपण दाखवायला गेलो. म्हणलो, "बाबालाल, पोकळीचा नाद सोड. आमच्याकडं पोरं पवायला शिकत्यात ती पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून. कापसावानी हलकं लाकूड, बुडता बुडत न्हाई. आमच्या बांधावर हाय एक जुनं झाड."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. "आदी ऐक," हा त्याचा पेटंट शब्द, कशाला बी म्हणायचा. भोपळा घेताना, गाडीत चढताना, भांडणात बी. त्या दिवशी स्वतःलाच म्हणला, "आदी ऐक बाबालाल, मगर काय म्हणतोय." दुसऱ्या दिवशी आमच्या बांधावर हजर. वडलांनी फांदी दिली. माझ्या बांधाचं लाकूड, माझ्या वडलांनी तोडलेलं, माझ्या बैलगाडीतनं आलेलं! आन फळी झाल्यावर समदी गल्ली काय म्हणली? "बाबालालची फळी." माझं नाव कुठंच न्हाई.

पण फळी झाली खरी. भरीव, लांब, पुढनं जरा उचललेली, खालनं हातानं घासून घासून लोण्यावानी. ह्या फळीनं तो गोव्यात उभा ऱ्हायला. एकदा न्हाई, दर खेपंला. पावसाळा सरला की दुकानातनं चार दिवस सुट्टी मागायचा, आन उन्हाळ्यात परत चार दिवस.

उभा ऱ्हातो म्हंजे कसा, ते मी बघितलंय. समुद्रात न्हाई, दुकानात! एक दिवस गिऱ्हाइक नव्हतं, अब्बा नमाजाला गेलते. बाबालालनं भुशात तीन भोपळे ठेवले, वर फळी ठेवली, आन फळीवर चढला. भोपळे गडगडायला लागले. फळी पुढं, फळी मागं, हा मधी. गुडघं वाकवलेलं, हात पसरलेलं, डोळं मिटलेलं. "आली... आली... आता न्हाई... आता न्हाई..." आमी माडीवरची पोरं जिन्यात दाटी करून बघतोय, कुणी श्वास घीना. "आता!" आन हा सरळ झाला. त्या फळीवर, त्या गडगडत्या भोपळ्यांवर असा उभा, जसा बसस्टँडवर उभा. मिटल्या डोळ्यांनी हसत व्हता. त्या क्षणाला, देवाशपथ, त्या दुकानात पाणी व्हतं.

मग म्हणला, "मगर, ये." मी चढलो. मी उतरलो. म्हंजे पडलो. भोपळ्याचा कडाड आवाज, आन दारात अब्बा. दहा मिनिटं मला जे ऐकायला लागलं त्यातलं अर्धं उर्दू व्हतं म्हणून बरं.

मला एकच पायजे व्हतं. एकदा, फक्त एकदा, समुद्रात त्या फळीवर उभं ऱ्हायचं. आन ते बी बाबालालनं न शिकवता. पवणारा मी. पांगारा माझा. कुत्र्यावानी पवणाऱ्याकडनं मी शिकू?

त्याच्याकडं समुद्राची लय माहिती साठली, आन ती तो वाटत सुटायचा. चहाच्या गाड्यावर उभा ऱ्हायचा आन कोण बी गोव्याच्या गाडीचं इचारलं की झालं सुरू. "हे बघा पाव्हणं, धबधबा आला की समदी गाडी एका अंगाला पळती. तुमी तवा दुसऱ्या अंगाची सीट धरा आन आडवं व्हा. धबधबा येताना बी दिसतोय. आन जाताना गूळ न्या, आपला, पिवळाधमक. मासं धरणाऱ्याच्या घरी गूळ ठिवला की पडवी आपली. समुद्रावर गेल्या गेल्या पाण्यात उतरू नका, आदी बसा. लाटा शाळेतल्या पोरांवानी येत्यात. बारकी बारकी बारकी, मग तिघं दांडगी, मग गप. ती गप असत्यात तवा आत शिरायचं. आन लाट कुठं चांगली असं त्या लोकांना इचारू नका, ते म्हणतील लाट चांगली नसतीच. 'तुमी होडी कुठं लावत न्हाई?' असं इचारा. ते बोट दावतील, तिथं जायाचं."

बघा, समदं सांगून टाकलं मी. पण त्याच्या गावाचं नाव सांगणार न्हाई. मडगावच्या खाली हाय येवढंच. न्हाई म्हंजे न्हाई. मला जे गावलं न्हाई ते तुमाला कशाला गावावं?

कवठे महांकाळचे एक तात्या मोतीबिंदू काढायला मिरजेला आलते. दुष्काळी मुलूख, जन्मात विहिरीपरास जास्त पाणी बघितलेलं न्हाई. डोळ्यावर पट्टी, लेकाचा हात धरून चहाला आलेले. बाबालाल म्हणला, "तात्या, पट्टी सोडल्यावर पयल्यांदा काय बघणार?"

"म्हस."

"म्हस तर रोजचीच. समुद्र बघा की."

"त्यो काय देतोय?"

"काय देत न्हाई."

"मग त्याला हितनंच रामराम."

पण बाबालाल सोडतोय व्हय? चार दिवस रोज तात्यांच्या कानाशी. दोन म्हयन्यांनी तात्या खरंच लेकाला घिऊन जाऊन आले. परत येताना मिरजेत उतरले आन सरळ दुकानात. "आवं बाबालाल! येवढं पाणी! येवढं पाणी, आन येका बी माणसानं पाट काढलेला न्हाई! काय आळशी लोकं म्हणायची ती!" म्हातारा हसत व्हता आन धोतराच्या सोग्यानं डोळं पुसत व्हता. डाक्टरनं डोळं पुसू नका म्हणून बजावलं असताना. जाताना बाबालालला अर्धं पोतं शाळूची ज्वारी देऊन गेला.

मिरजेत मी बी व्हतो की. तात्यांना चहा मी पाजलावता. मला मूठभर शाळू?

बाबालालनं मला दोनदा इचारलं, हे मान्य करायला पायजे. "चल की मगर. तू पवणारा, तुला एका दिसात जमंल." दोन्ही बारीला मी म्हणलो, परीक्षा हाय. खरं कारण येगळंच. एका दिसात जमलं न्हाई तर? तिथं बाबालाल बघणार. मग मिरजेत येऊन कुणाला काय बोलणार न्हाई, तसा तो न्हाईच, पण बघणार तर खरा.

मग ते झालं. तो भोपळे आणायला सोलापूरकडं आठ दिवस गेला. मी दुकानात गेलो आन अब्बांना म्हणलो, "बाबालालचा निरोप आलाय. तिकडनंच गोव्याला चाललाय, फळी घिऊन ये म्हणलाय." टायपिंगला चूक व्हती माझी, थापंला एक बी न्हाई. अब्बांनी माळ्यावरनं फळी काढली. ज्या नादापायी कपाळ बडवून घेतलं व्हतं त्याचीच ही फळी जुन्या गोधडीत गुंडाळली, सुतळीनं बांधली, दोन्ही टोकांना चिंध्या लावल्या. "संभालके ले जा बेटा." तिथं मन मला खायला लागलं. पण थोडंच.

गाडीत टीसीनं इचारलं, "हे काय?"

"तंबोरा."

"येवढा चपटा?"

"गोव्याला असलाच चालतोय."

समदं बाबालालनं सांगितलं तसं केलं. धबधब्याला आडवा झालो. गूळ दिला. ज्या म्हातारीच्या पडवीत तो उतरायचा तिथंच उतरलो. तिनं इचारलं, "बाबालालाचो इश्ट मरे तूं? बाबालाल खंय?" म्हणलो, व्हय, दोस्तच त्याचा, त्यो मागनं येतोय. तिनं मला वाढलेला भात आन मासं बाबालालच्या वाटचं व्हतं. खाल्लं.

सकाळी वाळूत बसलो. लाटा मोजल्या. बारकी, बारकी, मग तिघं दांडगी. बरोबर! आन मग मी माझी अक्कल लढवली. बाबालाल फळी बांधायचा न्हाई. पडला की फळी सुटायची, आन हा कुत्र्यावानी तिच्या मागं. आमच्याकडं पाच वर्साच्या पोराला बी कळतंय, तरंगायचं लाकूड अंगाला बांधायचं असतंय. आमी समदी विहिरीत तशीच शिकलो, पांगारा पाठीला, दोरी छातीला. मी घरनं बैलाचा कासराच आणलावता. एक टोक फळीला, एक माझ्या कंबरेला. म्हातारी बांगड्यावर मीठ टाकत बघत व्हती. "दोरी कित्याक?" म्हणली. "तो केन्ना बांधिना."

मी मनात म्हणलो, त्यो कवा बांधत न्हाई, म्हणून तर त्यो त्यो हाय आन मी मी हाय.

विहिरीला लाट नसती हो. हे मला तिथं कळलं.

चार लाटा पोटावर घेतल्या. काय सांगू, पोटावर बी जीव हरखला. पाचवीला गुडघ्यावर आलो. लाट उचलती, मागनं कुणीतरी ढकलावं तसं, आन मी उजवा पाय घेतला फुडं... आन तोल गेला. मी मागं, फळी फुडं. कासरा ताणला. कंबरेला असा हिसका की डोळ्यांपुढं चांदण्या. आन त्याच हिसक्यानं फळी उलटी फिरून आली, माझ्यावर. पुढचा दात अर्धा गेला. तोंडात रक्त, खारं पाणी, नाकात वाळू. मी जिवाच्या आकांतानं काठाकडं, तर कासरा खडकाला अडकलेला. तो सोडंस्तोवर दुसरी दांडगी आली, तिसरी आली. फळी खडकावर. एकदा, दोनदा. माझ्या बांधाचा पांगारा, बाबालालचे सहा म्हयने. मधनं तुटली.

बांधली नसती तर वाळूवर येऊन पडली असती. बाबालालची कायम तशीच यायची. म्हातारीनं दोन्ही तुकडे वर आणायला हात लावला.

मी मिरजेला आलो तवा बाबालाल परत आलावता. दुकानात भोपळ्यांचा ढीग, मधी तो. अब्बांनी त्याला सांगितलंच असणार. मी गोधडी सोडली आन दोन तुकडे खाली ठिवले. तोंड सुजलेलं. मला वाटलं आता मारतोय. मारावं असं बी वाटलं.

त्यानं मोडल्या जागी हात फिरवला. मग माझ्याकडं बघून इचारलं, "उभा ऱ्हायलास?"

येवढंच. फळीचं काय न्हाई, थापंचं काय न्हाई, दाताचं काय न्हाई. उभा ऱ्हायलास?

मी म्हणलो, "व्हय."

का म्हणलो? दात गेला, फळी गेली, तोंड काळं झालं, निदान येवढं तरी माझं असू दे म्हणून म्हणलो.

आन बाबालालचं तोंड असं उजळलं! हातातला भोपळा बाजूला ठिवून पुढं सरकला. "खरं? किती येळ? पायाखालनं आवाज आला का रं? लाट मोडती तवा फळी आतनं बोलती बघ, तळपायात येतंय ते. कसं आलं तुला?"

"आलं की. गूं... असं आलं."

त्यानं मोडक्या तुकड्यावर एकदा टकटक केली. मग म्हणला, "व्हय. व्हय व्हय." आन अब्बांकडं वळून वरडला, "अब्बा, सुना क्या? मगर खडा रहा!"

त्याला कळलं का मी खोटं बोलतोय ते? ज्याला माडीवरची करंगळी ऐकू आली त्याला कळलं नसंल व्हय? पण तोंडावर आनंद खरा व्हता, ते मी शपथेवर सांगतो. आन तिथं मला सगळ्यात जास्त जळायला झालं. मी ह्याच्या नाकावर जळलो, शाळूवर जळलो, नावावर जळलो. आन हा गडी? ह्याची फळी मोडून मी उभा ऱ्हायलो म्हणतोय, तर ह्याच्या पोटात कणभर दुखंना! माणसानं येवढं निरोगी असावं?

पुढच्या म्हयन्यात त्यानं नवी फळी घेतली करायला. आमच्या वडलांकडनं दुसरी फांदी आणली. आन मला तिसऱ्यांदा इचारलं. "आता तर तू उभा ऱ्हाणारा. आता दोघं जाऊ. तू एका लाटंवर, मी दुसऱ्या."

आता मी कसा जाऊ? सांगा. गेलो असतो तर पयल्याच लाटंला उघडा पडलो असतो. दात दुखतोय म्हणलो. मग म्हणलो उसाला तोड आलीया. मग घरी पाव्हणं हायत. मग साताऱ्यात नोकरी लागली, आन सांगायला खरं कारण मिळालं. निघताना तो यष्टीपर्यंत आला. खिडकीतनं म्हणला, "सुट्टी मिळाली की पत्र टाक." मी टाकलं न्हाई. मिनिटाला किती शब्द टायपतोय मी, एक पोस्टकार्ड झालं न्हाई.

आन परवाचं ऐका, ह्याच्यापायीच हे समदं टायपतोय. थोरला भाऊ फौजेतनं सुट्टीवर येणार व्हता, त्याला घ्यायला मिरज स्टेशनवर गेलो. त्याच्या गाडीला येळ व्हता. पलीकडं गोव्याची बारकी गाडी लागलेली. आन डब्याच्या खिडकीशी बाबालाल! नवा सदरा, केसाला तेल. खिडकीतनं फळी आत सरकवत व्हता. आतनं कोण तरी वढत व्हतं. मेंदीचे हात दिसले, कोपरापर्यंत बांगड्या. मग तोंड दिसलं, बुरख्याचा पडदा मागं टाकलेला. म्हंजे लगीन झालं गड्याचं, आन मला पत्ता न्हाई. पत्ता मीच दिला नव्हता, मग पत्रिका कुठं पाठवणार त्यो?

"हलू हलू! मेरे पाँव पे आया ना!" ती वरडली. हा हसत व्हता.

मी हाक मारायला तोंड उघडलं. त्येवढ्यात ती खिडकीतनं बोट नाचवत म्हणली, मोठ्यानं, साऱ्या फलाटाला ऐकू यील असं, "मैं बोल देती, मैं खडी नहीं रैनेवाली हां! मेरेकू नहीं आता. मैं नुस्ता बैठनेवाली."

"तो बैठ ना," बाबालाल म्हणला. "मैं भी पैले बैठाच था."

शिट्टी झाली. तो उडी मारून आत गेला. मी खांबाआड उभा. गाडी निघून गेली, तरी मी आपला तोंड उघडंच ठिवून.

मेरेकू नहीं आता. तीन शब्द. येवढंच म्हणायचं व्हतं व्हय? दुकानात, भुशात बसून, मोडक्या दातानं, मराठीत बी चाललं असतं. न्हाई ऱ्हायलो बाबालाल, पडलो. मग तो म्हणला असता, बस की.

आन मला म्हाईत हाय, ती एव्हाना उभी ऱ्हायली असणार. दुसऱ्याच दिवशी.

भाऊ उतरला, ट्रंक माझ्या हातात दिली, म्हणला, "कुणाकडं बघतोयस रं?" मी म्हणलो, "कुणाकडं न्हाई."

सायेब जिन्यात आलेत, चपला वाजत्यात. पटकन सांगा, आन खरं सांगा: तुमच्या बाबतीत झालंय का असं कवा? कुणीतरी हात धरून न्यायला तयार असताना, नुसतं 'मला येत न्हाई' येवढं म्हणवलं न्हाई, म्हणून तुमी बी फलाटावरच ऱ्हायलायसा?